नीळकंठरावांची पारख

नीळकंठराव वारले तेव्हा मूल गावच्या बसस्टँडजवळ त्यांचा मोठा फ्लेक्स लागला होता. 'शिस्तप्रिय केंद्रप्रमुख आणि श्वानप्रेमी' असं त्यावर लिहिलं होतं. पहिल्या शब्दांबद्दल मला काही म्हणायचं नाही, मी त्यांच्या हाताखाली शिकले नाही. शेवटच्या शब्दाबद्दल मात्र बरंच म्हणायचं आहे, कारण त्यांनी पारखलेल्या कुत्र्या पुढे माझ्या टेबलावर यायच्या. कुत्र्यांवर इतकं बोलणारा आणि कुत्र्यांकडे इतकं कमी बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझा बाप म्हणायचा, गेलेल्याबद्दल खोटं बोलू नये. मी बापाचं ऐकते.

मूलमध्ये मी जनावरांचा दवाखाना टाकून तेव्हा दोन वर्षं झाली होती. राईस मिलच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, समोर कडुलिंबाचं झाड, झाडाखाली बांधलेल्या बकऱ्या. म्हशी, बैल, बकऱ्या हेच माझं गिऱ्हाईक. पण गावात पांढऱ्या, लहानशा, केसाळ कुत्र्यांचं वेड नवंनवं आलं होतं. ज्याच्या घरावर स्लॅबचं छत आलं त्याच्या घरी वर्षभरात पामेरियन यायचं. आणि कुत्री वर्षाची झाली रे झाली की मालकाला एकच घोर लागायचा, हिला नर दाखवून क्रॉस करायची का? हा प्रश्न मला कोणी विचारत नसे. तो नीळकंठरावांना विचारत.

नीळकंठराव उंच, काटकुळे. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन कशाला, तर सवय. शाळा तपासता तपासता त्यांना सगळ्या जगाला गुण द्यायची खोड लागली होती. चहाला दहापैकी सहा. लग्नाच्या पंगतीला दहापैकी साडेपाच, वरण पातळ होतं म्हणून. एकदा तर स्मशानातून परत येताना म्हणाले, "व्यवस्था चांगली होती, आठ द्यायला हरकत नाही." मेलेला माणूस त्यांचा सख्खा आतेभाऊ होता.

माझा दवाखाना बघायलाही ते आले होते. खुर्चीवर बसले नाहीत. भिंतीवरच्या माझ्या पदवीच्या कागदासमोर उभे राहिले आणि हात पाठीमागे बांधून तो पूर्ण वाचला.

"आडनाव मडावी," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही जंगलाकडच्या."

"पोंभुर्ण्याच्या पलीकडे गाव आहे आमचं."

"बरोबर. तुमच्यात शिकारीची कुत्री असतात. जात वगैरे बघत नाहीत तुमच्यात." मग जरा थांबून, मोठ्या मनाने, "पण शिकलात, चांगलं झालं. टक्के किती होते?"

मी सांगितले. ते "ठीक" म्हणाले आणि गेले. माझ्याआधीच्या डॉक्टरांना सगळं गाव 'डॉक्टरसाहेब' म्हणायचं. मला नीळकंठराव शेवटपर्यंत 'बाई' म्हणाले. आमच्याकडे बाई हा मानाचा शब्द आहे. त्यांच्या तोंडून तो तसा येत नसे.

रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर कुत्र्या जमायच्या. त्यांच्या वारलेल्या बायकोचा शिवणाचा टेप होता, तो गळ्यात अडकवून ते खुर्चीवर बसत. नाकापासून कपाळापर्यंत मापत, पाय मापत, शेपटी उलगडून मापत. केसांचा रंग सूर्याकडे धरून बघत. तोंड कधी उघडलं नाही, छातीला कान कधी लावला नाही, कुत्रीला चार पावलं चालवून मागून कधी बघितलं नाही. टेपने जे मापता येत नाही ते त्यांच्या लेखी नव्हतंच. सगळं मापून झालं की एकच प्रश्न यायचा, "हिची आई कोण, बाप कोण?"

एका रविवारी मीही तिथे होते. समोरच्या घरी म्हैस अडली होती, ती सुटल्यावर हात धुवायला नीळकंठरावांच्या नळावर गेले आणि थांबले. सलीमभाई आपली बिजली घेऊन आले होते. सलीमभाईंचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि बिजली दिवसभर त्या दुकानात तांब्याच्या तारांमध्ये झोपायची. तिला मी ओळखत होते. अडीच वर्षांची, अंगाने लहान पण कंबर रुंद, गुडघे पक्के, लसी वेळेवर, आणि स्वभाव असा की परक्या पोराने कान ओढला तरी हात चाटेल. लहान कुत्रीला पिल्लं होऊ द्यावीत का, हे ठरवताना मी जे जे बघते ते सगळं तिच्यात होतं. पण तिचा बाप गावातला कोणीतरी पिवळा कुत्रा होता, हे तिच्या कानांवरून दिसत होतं.

"बाप कोण?" नीळकंठरावांनी विचारलं.

"ते आता हिच्या मायलेच माहीत, गुरुजी," सलीमभाई म्हणाले. "मी तं तिथी नव्हतो."

ओसरीवरची माणसं हसली. नीळकंठराव हसले नाहीत. त्यांनी टेप गुंडाळला. "रक्तात भेसळ आहे. शून्य."

"मी कुत्री आणली ना गुरुजी, जमिनीचा फेरफार कुठी आणला?" सलीमभाईंनी बिजलीला उचलून काखेत घेतलं. "चाल बेटा, आपण नापास झालो."

त्यांच्यामागून एका ठेकेदाराची डॉली आली. शुभ्र, भरगच्च केस, नागपूरहून आणलेली. ओसरीवर चढताना तिने मागचा डावा पाय दोनदा वर उचलला, तीन पायांवर उड्या मारल्या आणि मग पुन्हा टेकवला. हे मला दहा पावलांवरून दिसलं. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकली की लहान कुत्री असंच चालते, आणि हा दोष आईकडून पिल्लांत उतरतो. मी तसं बोललेही.

"तो नखरा आहे, बाई," नीळकंठराव म्हणाले. "खानदानी कुत्रीची चाल अशीच असते. दहापैकी नऊ."

डॉलीला चार पिल्लं झाली. त्यातली तीन पाय उचलत चालू लागली. एकेक करून तिन्ही माझ्याकडे आली. त्यातलं एक पिल्लू पुढे सावली गावाच्या रस्त्याला कोणीतरी सोडून दिलं. मी हे नीळकंठरावांना भर बाजारात सांगितलं. त्यांनी पिशवीतली वांगी नीट लावली आणि म्हणाले, "मालकांनी खायला नीट घातलं नसेल." एवढंच. त्या दिवसापर्यंत मला त्यांचं हसू यायचं. त्या दिवसानंतर शिसारी यायला लागली.

त्यांच्या स्वतःच्या घरीही कुत्री होती. मुलाच्या लग्नाच्या वर्षी आणलेली, दुधासारखी पांढरी. ते तिला 'प्रिन्सेस' म्हणत. त्यांची सून वर्षा तिला 'चिमी' म्हणे, आणि कुत्री चिमी म्हटल्यावरच येई. वर्षा चामोर्शीची. नवरा बँकेत, सकाळी जाई तो दिवे लागल्यावर येई. घरी सासरा आणि चिमी. लसीला, जंताच्या औषधाला, कान फुटला तेव्हा, उलट्या लागल्या तेव्हा, चिमीला आणायची ती वर्षाच. फारसं बोलायची नाही, पण जे विचारायची ते नेमकं असे. सुई देताना कुत्रीचं डोकं स्वतःच्या गळ्याशी धरून ठेवायची, म्हणजे चिमीला मी दिसू नये.

त्या वर्षी माघात नीळकंठराव पहिल्यांदाच चिमीबरोबर दवाखान्यात आले. कुत्री अर्थात वर्षाच्या हातात होती.

"नागपूरला एक नर ठरला आहे," ते म्हणाले. "उत्तम घराणं. त्या लोकांना डॉक्टरचा कागद हवा आहे. प्रिन्सेस योग्य आहे एवढं लिहून द्या."

"आधी बघू द्या."

मी बघितलं. वजन तीन किलोच्या आत. वय पाच वर्षांच्या पुढे, आणि एकदाही पिल्लं झालेली नाहीत, कारण इतकी वर्षं नीळकंठरावांना कोणताच नर पसंत पडला नव्हता. उजव्या गुडघ्याची वाटी अंगठ्याने ढकलली की सरकत होती. आतून बोट घालून तपासलं तर कंबरेच्या हाडातली वाट इतकी अरुंद की माझी करंगळीही अडखळली. त्यात नर मोठा, त्याचा फोटो त्यांनी मोबाईलवर दाखवला होता.

"हिला क्रॉस करायची नाही," मी सांगितलं. "पिल्लू अडेल. पहिल्या वेळेसाठी वय जास्त झालं, आणि ती लहान आहे."

"तुम्ही पुस्तकातलं सांगता. मी पस्तीस वर्षं पारख केली आहे."

"कुत्र्यांची?"

"मुलांची," ते म्हणाले, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

वर्षाने विचारलं, "मॅडम, पिल्लू अडलं तं हिचा जीव जाईल का?"

"जाऊ शकतो."

"निसर्ग सगळं करतो," नीळकंठराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, घरातली भांडी मोजल्यासारख्या आवाजात म्हणाले, "आमच्या घरी दोघी आहेत, बाई. पाच वर्षं झाली. दोघी रिकाम्या. एकीचं तरी होऊ द्या."

चिमीने टेबलावर लघवी केली होती. वर्षा ती फडक्याने पुसत होती. टेबल कोरडं झालं तरी ती तीच जागा पुसत राहिली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी कागदावर 'प्रजननास अयोग्य' लिहिलं, सही केली, आणि तेवढ्यावर स्वतःला शूर समजले. नीळकंठरावांनी कागद वाचला, घडी केली आणि माझ्याच टेबलावर ठेवला. "ठेवा. तुम्हाला लागेल."

आठ दिवसांनी ते चिमीला नागपूरला घेऊन गेले. कागद कोणी दिला, दिला की नाही, मला माहीत नाही.

चैत्रात एका दुपारी, ऊन असं की मिलचे हमालसुद्धा पोत्यांच्या सावलीला पडले होते, वर्षाची स्कूटी दवाखान्यासमोर थांबली. पायापाशी बांबूची टोपली, टोपलीत ओल्या फडक्यावर चिमी. जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले, आणि शेपटीखाली हिरवट काळं पाणी.

"सकाळपासून कळा देऊन राह्यली, मॅडम," वर्षा म्हणाली. "मामाजी म्हणते थांब, निसर्ग करते. मी थांबली. बारा वाजतपर्यंत थांबली. आता नाई थांबत."

"त्यांना सांगून आलीस?"

"नाई."

मी चिमीला टेबलावर घेतलं. पिल्लू आडवं येऊन हाडात रुतलं होतं. बोटाने काही होण्यासारखं नव्हतं. पोट उघडायला हवं होतं, आणि लगेच. मी सुया काढेपर्यंत बाहेर ऑटो थांबला आणि नीळकंठराव दारात आले. धावतपळत आले होते, तरी शर्ट खोचलेला होता.

"कोणी परवानगी दिली?"

"ऑपरेशन करावं लागेल," मी म्हणाले.

"अजिबात नाही. एकदा पोट फाडलं की कुत्री वाया जाते. पुढच्या वेळी त्रास होतो. वाट बघा."

"पुढची वेळ नाही आता," वर्षा म्हणाली. ती सासऱ्याशी बोलत नव्हती, माझ्याशी बोलत होती. "करा, मॅडम. आन तिची पिशवीबी काढून टाका. पुन्हा कोणी इचारलंच नाई पाह्यजे."

नीळकंठराव नेहमी शुद्ध बोलत. पुण्याच्या माणसाने ऐकावं असं बोलत. त्या दुपारी त्यांची शुद्ध भाषा गळून पडली. "तू कोण होते सांगणारी? कुत्री माही आहे! म्या आणली!"

भूल देण्याआधी मालकाची सही घ्यावी लागते. मी विचारलं, "कार्ड आणलं का?" वर्षाने पिशवीतून लसीचं कार्ड काढलं. पाच वर्षांचं कार्ड, कडा मऊ झालेल्या, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची अक्षरं. शेवटच्या ओळी माझ्या. वर पहिल्या पानावर, कुत्रीचं नाव, चिमी. मालकाचं नाव, वर्षा. पहिल्या लसीला ज्या डॉक्टरांनी ते लिहिलं असेल त्यांनी समोर उभ्या असलेल्या बाईला नाव विचारलं असेल, आणि तिने सांगितलं असेल. त्यात काही ठरवलेलं नव्हतं. घरातलं दुसरं कोणी तिथे आलंच नव्हतं.

मी कार्ड नीळकंठरावांपुढे धरलं. घाईत ते चष्मा विसरले होते. त्यांनी कार्ड हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले आणि वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते टेबलावर ठेवलं आणि बाहेर लिंबाखाली, बकऱ्यांच्या शेजारी, बाकावर जाऊन बसले.

वर्षाने सही केली.

दीड तास लागला. दोन पिल्लं होती. जे अडलं होतं ते मेलेलं निघालं. दुसरं मी वर्षाच्या हातात दिलं, तिने ते टॉवेलने चोळलं, डोकं खाली धरून नाकातलं पाणी झटकलं, पुन्हा चोळलं. पिशवी काढून मी टाके घालत होते, माझं लक्ष चिमीच्या श्वासाकडे होतं. मागून एक अगदी बारीक आवाज आला, दार करकरल्यासारखा. वर्षा मटकन खाली बसली आणि टॉवेल छातीशी धरून रडायला लागली. पाच वर्षांचं रडत होती असं मला वाटलं, पण ते माझं वाटणं.

नीळकंठराव दारात आले. चिमी जगली का, असं त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "नर की मादी?"

"नर," मी म्हणाले.

"रंग?"

आयुष्यात काही प्रश्नांना उत्तर न दिल्याचं समाधान असतं, त्यातलं हे एक.

आठवड्याच्या आत सगळ्या गावात एक गोष्ट फिरली. प्रिन्सेस अडली होती, पण नीळकंठरावांनी वेळेवर निर्णय घेतला म्हणून वाचली. ती गोष्ट मला स्वतः सलीमभाईंनी सांगितली. "गुरुजी म्हणते, बाई घाबरल्या होत्या, म्याच हिंमत देल्ली." त्यांना खरं काय ते माहीत होतं, तरी सांगताना त्यांचा चेहरा सरळ होता. मग आम्ही दोघंही बराच वेळ हसलो. बिजली तिथेच तारांमध्ये झोपली होती. तिला तोवर तीन पिल्लं झाली होती, तिन्ही धडधाकट, आणि कोणी मापायला आलं नव्हतं.

पिल्लू दूध सोडून खायला लागल्यावर वर्षा चिमीला घेऊन चामोर्शीला माहेरी गेली. चार दिवसांसाठी गेली असं नीळकंठराव सांगत. मग महिन्यासाठी. दिवाळीनंतर मुलाने बँकेत बदली मागून घेतली आणि तोही चामोर्शीला गेला, तेव्हा ते सांगायचं थांबले. मुलगा जाण्याआधी माझ्याकडे येऊन चिमीचे जुने कागद मागून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तिथी घर मोठं आहे. अंगण आहे." इतकी वर्षं गप्प बसलेल्या माणसाकडून मी यापेक्षा जास्त अपेक्षा केली असती, पण निदान तो गेला तरी.

पिल्लू नीळकंठरावांनी ठेवून घेतलं. वंश म्हणून. त्याचं नाव 'सम्राट'. सात-आठ महिन्यांत तो मागचा उजवा पाय उचलायला लागला, आईसारखाच, फक्त जास्त. त्यावर नागपूरला ऑपरेशन होतं असा निरोप मी पाठवला. उत्तर आलं नाही. रविवारची ओसरी हळूहळू रिकामी झाली. लोक आता माझ्याकडे यायचे. त्यात माझं श्रेय नाही, ओसरीवर येणाऱ्यांना तो लंगडणारा सम्राट दिसत होता.

नीळकंठरावांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षीच्या कार्तिकात. एका खेड्यावर म्हैस बघायला निघाले होते, सकाळचं धुकं धानाच्या बांध्यांवर अजून होतं. तळ्याच्या रस्त्याला पुढे एक माणूस चालताना दिसला. नीळकंठराव. दोन्ही हातांत शालीत गुंडाळलेला सम्राट, त्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर. ते फार हळू चालत होते आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होते. समोरून फिरायला आलेले दोघेतिघे येताना दिसले. नीळकंठराव थबकले, घाईघाईने वाकले, सम्राटला खाली ठेवलं, शाल काखेत मारली आणि पट्टा धरून ताठ उभे राहिले. माणसं जवळ आली. नमस्कार झाला. त्यातल्या कोणीतरी कुत्र्याबद्दल काही विचारलं असावं, कारण नीळकंठरावांनी हात उंचावून लांबलचक उत्तर दिलं. सम्राट तीन पायांवर उभा होता.

माणसं वळणाआड गेली. नीळकंठरावांनी मागे वळून खात्री केली. मी बाभळीच्या आड स्कूटी बंद करून उभी होते, त्यांना दिसले नसेन. ते गुडघ्यावर हात टेकून कष्टाने खाली वाकले, सम्राटचा आखडलेला पाय तळहातात धरून थोडा वेळ चोळला, मग त्याला पुन्हा शालीत घेतलं आणि चालू लागले.

तो माणूस मला तेव्हाही आवडला नाही. पण ते दिसेनासे होईपर्यंत मी स्कूटी सुरू केली नाही.

पावसाळ्यात ते गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षा आली आणि सम्राटला चामोर्शीला घेऊन गेली.